मंगल कार्यालयामागची मासळी

लग्नसराई मला तळपायांतून कळते. इतरांना ती मोगऱ्याच्या वासानं कळत असेल, व्हॉट्सॲपवर धडकणाऱ्या पत्रिकांनी कळत असेल. मी मात्र स्वयंपाकघरात अनवाणी उभी असते, चहाचं आधण ठेवलेलं असतं, आणि टाचेखाली फरशी बारीक थरथरते. कानावर अजून काही आलेलं नसतं. मी म्हणते, "बायपासवर वरात निघाली." घरातले खिडकीशी जाऊन कान देतात आणि माझ्याकडे काळजीनं बघतात. मग थोड्या वेळानं डीजेचा ठोका येतो, आणि माझा मान घरात तेवढ्यापुरता वाढतो.

यंदाही चैत्र संपता संपता ती थरथर आली आणि मला तो उन्हाळा आठवला. काही वर्षांपूर्वीचा. मी तेव्हा संभाजीनगरात, बीड बायपासच्या बाजूच्या एका कॉलेजात पीएचडी करत होते. विषय होता माशाचं हृदय. आता बीड बायपास म्हटल्यावर गावातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: तिथं दोन दुकानं सोडली की एक लॉन्स लागतं. लॉन्स म्हणजे मोकळ्या मैदानावरचं मंगल कार्यालय. नावात हिरवळ असते, उन्हाळ्यात पायाखाली धूळ असते. असंच एक लॉन्स आमच्या प्रयोगशाळेच्या मागं होतं. त्यांची नवरीची खोली आणि आमची खोली पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. मध्ये एक बोळ आणि बोळात एक कडुनिंब. बायोलॉजीची प्रयोगशाळा कुठं बांधू नये याचा नमुना म्हणून ती दाखवायला हरकत नव्हती.

मासा म्हणजे झेब्राफिश. करंगळीएवढा, अंगावर निळे पट्टे, स्वभावानं बराच आगाऊ. त्याची दोन वैशिष्ट्यं आहेत. एक, त्याचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं, त्यामुळे ते जिवंत असतानाच त्याचं हृदय बघता येतं. दुसरं, त्या हृदयाला इजा झाली तर ते आपलं आपण भरून येतं. माणसाच्या हृदयाला हे जमत नाही. आपल्याकडे जखमेच्या जागी नुसता व्रण राहतो. माशाकडे तिथं पुन्हा धडधडणारा स्नायू येतो. हे मी सिल्लोडकडच्या आमच्या गावी ओट्यावर बसून सांगितलं तेव्हा काका मक्याचं कणीस सोलत ऐकत होते. ते म्हणाले, "मंग मासं खाल्लं की झालं की. एवढं शिकायचं कशाला?"

या माशांची अंडी मिळवायची एक रीत आहे. संध्याकाळी एका डब्यात नर आणि मादी सोडायचे आणि मध्ये एक पारदर्शक पट्टी लावायची. रात्रभर दोघं एकमेकांना बघतात. सकाळी दिवे लागले की पट्टी काढायची, आणि थोड्याच वेळात तळाशी साबुदाण्याहून बारीक अंडी दिसायला लागतात. माझे मार्गदर्शक शेख सर या पट्टीला 'अंतरपाट' म्हणत. सर मूळचे इथलेच, शहागंजातले. मराठी आणि दखनी यांच्यामध्ये त्यांनी कधी अंतरपाट धरला नाही. सकाळी पट्टी उचलताना ते घड्याळाकडे बघून म्हणायचे, "अपने यहाँ का मुहूर्त कभी नहीं टलता, शुभांगी. जरा बाजूवाल्यांना सांग."

बाजूवाल्यांचा मुहूर्त मात्र रोज टळायचा. पत्रिकेवर दुपारचे बारा पस्तीस छापलेले असत. हे पस्तीस कोण काढतं आणि ते कुणासाठी असतात, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याचा आणि आमचा संबंध काय, ते सांगते. पिल्लाला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं तर ते पोहून जातं. म्हणून त्याला गुंगीचं औषध द्यायचं आणि कोमट जेलीत बसवायचं. ही जेली म्हणजे आपण घरी पुडिंगात चायना ग्रास घालतो, त्याची सोवळ्यातली बहीण. जास्त गरम असली तर पिल्लू शिजतं. गार झाली तर आधीच गोठून बसते. ओठाला लावून नाही, पण हाताच्या पालथ्या बाजूला लावून मी ती जोखायचे, आई लहान मुलाचं दूध जोखते तशी. मग बारीक काडीनं पिल्लाला वळवून छाती काचेकडे करायची. आमचे मासे एका मोठ्या संस्थेतून आणलेल्या खास जातीचे होते. निळा प्रकाश टाकला की त्यांच्या हृदयाचा स्नायू हिरवा उजळायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भिंगावरून डोळा काढलाच नाही. दोन कप्पे. एक मिटतो, दुसरा उघडतो. एवढ्या लहान जिवाची एवढी घाई बघून मला उगाच त्याला पाणी विचारावंसं वाटलं.

पण अडचण अशी की हृदय हलतं. हलत्या गोष्टीचा फोटो पुसट येतो. म्हणून वेगवान कॅमेऱ्यानं पापुद्र्यापापुद्र्यानं चित्रण करायचं: आधी वरच्या थराचं, मग त्याखालच्या, असं पार तळापर्यंत. नंतर संगणकावर एका थराचा ठोका दुसऱ्या थराच्या ठोक्याशी जुळवायचा. मग अख्खं हृदय उभं राहतं, आत-बाहेर सगळीकडून बघता येतं. या सगळ्यात टेबल केसभर जरी हललं तरी ठोके जुळत नाहीत आणि दिवस फुकट जातो. हृदयानं हलायचं, बाकी कुणी हलायचं नाही, एवढाच नियम. मोठ्या ठिकाणी यासाठी हवेवर तरंगणारी टेबलं असतात. आमच्याकडे कडप्पाची फरशी होती आणि तिच्याखाली सायकलच्या ट्यूब.

कडप्पा आणि ट्यूब यांनी रस्त्यावरचे ट्रक झेलले, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या झेलल्या. पण डीजे म्हणजे डीजे. त्याचा ठोका हवेतून येतच नाही, जमिनीतून येतो. पडद्यावर बघावं तर माशाचं हृदय आपल्या तालात चाललंय आणि अख्खा मासा मागच्या लग्नातल्या गाण्यावर नाचतोय.

मी पहिल्यांदा तक्रार करायला गेले तो दिवस लख्ख आठवतो. मांडवाच्या तोंडाशी गुलाबी फेट्यातले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि विचारलं, "कुणीकडून म्हणायचं तुमी? मुलाकडून का मुलीकडून?"

"मागच्या प्रयोगशाळेकडून," मी म्हणाले. "आवाज जरा कमी करता का? हादरे बसतात."

"आवाजाचं बघू की. आधी जेवून घ्या. ए, बाईला पान वाढा रं!"

आता ताटावर बसवलेल्या माणसानं तक्रार कशी करायची? वरण-बट्टी होती, वांग्याची झणझणीत भाजी होती, बुंदी होती. वाढणारा नको म्हटल्याशिवाय थांबत नव्हता आणि म्हटल्यावरही थांबत नव्हता. मी मठ्ठा पिऊन परत आले. डीजे चालूच होता. सर चिडले आणि दुसऱ्या लग्नाला स्वतः गेले, इस्त्रीचा शर्ट घालून, चेहरा कडक करून. परत आले ते हातात टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन.

"सर, हे काय?"

"आहेर किया मेरा," सर खुर्चीत बसत म्हणाले. "मैं बोला, आवाज कम करो. वो बोले, पहले बैठो. बैठने के बाद जिलेबी आयी. अब जिलेबी खाके कैसे बोलना?"

त्यानंतर आम्ही आळीपाळीनं जायला लागलो. आवाज एकदाही कमी झाला नाही, पण महिनाभरात प्रयोगशाळेत टॉवेलांची चळत झाली. सरांनी ते घड्या घालून कडप्पाखाली सारले, आणि खरं सांगते, हादरा थोडा कमी झाला. टोप्यांचाही उपयोग निघाला. चित्रण करताना पंखा बंद ठेवावा लागायचा, कूलर तर विचारूच नका, आणि वैशाखातल्या बंद खोलीत कपाळावरचा घाम थेट सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर ठिबकायचा. टोपी घातली की ठिबकत नाही. त्यामुळे शेख सर आणि मी, दोघं पांढऱ्या टोप्या घालून माशाच्या हृदयात डोकावत बसायचो. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला ग्रामपंचायतीची सभा वाटली असती.

त्या उन्हाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. कडुनिंबाच्या मोहराचा गोडसर कडू वास, बोळातून येणारा मसालेभाताचा, आणि आमच्या टाक्यांचा ओला, शेवाळी वास. पाण्याची तर या शहरात कायमच बोंब. नळ आठवड्यानं यायचा, तोही कधी आडवेळी. आम्ही पिंपं भरून ठेवायचो, क्लोरीन उडून जाईपर्यंत उघडी ठेवायचो, मग माशांना द्यायचो. शेजारच्या बायका गेटवरून बघायच्या. एक आजी मला रोज ऐकवायच्या, "मानसाला प्यायला नाय आन् मासळीला अंघोळ. कलियुग म्हणतेत ते हेच." मी मान डोलवायचे. त्यांचं चूक नव्हतं. पण माशाचंही काही चूक नव्हतं.

आता मी शिकवते, आणि माझ्या विद्यार्थ्यांकडे खरं तरंगतं टेबल आहे. बटण दाबलं की फुस्स आवाज करून ते जमिनीपासून सुटतं. विद्यार्थी त्यावर पाण्याचा पेला ठेवून फोटो काढतात. मला त्या टेबलाचं कौतुक आहे, पण त्याच्याविषयी प्रेम वाटत नाही. ज्याच्यापायी आपण लोकांच्या लग्नात जेवलो, रुसलो, हात जोडले, अशा टेबलाची सर त्याला कशी येणार?

तर त्या उन्हाळ्यात माझं काय पणाला लागलं होतं, ते आता सांगते. माझी फेलोशिप संपत आली होती. शेवटचं वर्ष वाढवून द्यायचं की नाही हे एक समिती ठरवणार होती, आणि समितीला एकच गोष्ट बघायची होती: जखम झालेलं हृदय आणि तेच हृदय भरून आल्यावर. चित्रणासह. ते नसेल तर फेलोशिप बंद. आणि फेलोशिप बंद म्हणजे मी गावी. गावी काकांनी सगळी तयारी करून ठेवली होती. स्थळ बघून झालं होतं. मुलगा बरा होता, त्याच्याविषयी माझं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं एवढंच होतं की मला अजून त्या दोन कप्प्यांपलीकडचं काही बघायचंच नव्हतं. बापू, म्हणजे माझे वडील, मध्ये उभे होते. ते म्हणायचे, "तिचं मासळीचं काय हाय ते ह्या उन्हाळ्यात मार्गी लागू द्या. नाय लागलं तर ज्येष्ठात उरकून टाकू." काकांनी तर कार्यालयही हेरलं होतं. मला फोनवर आनंदानं म्हणाले, "तुझ्या लॅबच्या मागंच हाय बघ! तुला निस्तं भिंत वलांडून यायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्वप्नात नाही, जागेपणीच मला दिसत होतं, की मी मुंडावळ्या बांधून बसलेय आणि भिंतीपलीकडे माझे मासे माझ्याच डीजेनं हादरताहेत.

वैशाखाच्या शेवटी माझ्याकडे एकच पिल्लू उरलं. केसाहून बारीक काचेच्या सुईनं त्याच्या हृदयाला जखम करून मी पहिलं चित्रण केलं होतं. हिरव्या स्नायूत एक काळं भोक, आणि त्याच्याभोवती अडखळत चाललेला ठोका. त्याची बाकीची भावंडं उन्हानं, पाण्यानं, नशिबानं गेली. हे एक तगलं. आता भरून आलेल्या हृदयाचं दुसरं चित्रण तेवढं राहिलं होतं, आणि समिती दुसऱ्या दिवशी सकाळी बसणार होती.

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. ती आली दुपारी. संध्याकाळी शिपाई इमारतीला कुलूप लावणार. म्हणजे मधली दुपार तेवढी आमची. मागं लग्न होतं, पण त्याचा हिशेब आम्ही धरला होता. मंगलाष्टकं झाली की सगळे पंगतीला बसतात. ज्याच्या तोंडात बट्टी आहे तो नाचू शकत नाही. त्या शांततेत चित्रण उरकायचं. मी पिल्लाला जेलीत बसवलं, टोपी घातली आणि वाट बघायला लागले.

मंगलाष्टकं काही सुरू होईनात. परण्या, म्हणजे नवरदेवाची घोड्यावरची मिरवणूक, मारुतीला जाऊन केव्हाच परत आला होता. पण मांडवाच्या दारात आल्यावर मित्रांनी घोडा अडवला आणि नाच सुरू झाला तो संपेना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. या नवऱ्याला कसलीच उतावीळ नव्हती. मुहूर्त टळला, ऊन कलायला लागलं. आणि पिल्लाला जेलीत फार वेळ ठेवता येत नाही. गुंगी चढत जाते, ठोका मंदावतो, आणि एका क्षणी तो थांबतोही.

मी टोपीसकट धावत मांडवात गेले. नवरीचे वडील दाराशी हार घेऊन उभे होते. हारातली फुलं सुकली होती.

"काका, तुम्ही सांगा ना त्यांना. लग्न लावून घ्या म्हणावं. माझा मासा मरेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांना माशाचं काही कळलं नाही, पण मरण तेवढं कळलं. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, आपण मुलीकडचे. आपण कसं बोलायचं?"

*आपण.* उन्हाळाभर त्या मांडवात जेवून जेवून मी नकळत मुलीकडची झाले होते. आणि मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना काही सांगायचं नसतं, हा नियम डीजेपेक्षा जुना आणि डीजेपेक्षा जड.

मला रडू यायला लागलं होतं. लोकांसमोर नको म्हणून मी मागच्या बाजूनं, नवरीच्या खोलीवरून बोळाकडे निघाले. खोलीचं दार उघडं होतं. आत पंखा गरगरत होता, त्याच्याखाली नवरीची आत्या पहाऱ्याला बसून गाढ झोपली होती, आणि नवरी प्लास्टिकच्या खुर्चीवर शालू सावरत एकटीच बसली होती. तिनं माझी टोपी बघितली, डोळे बघितले.

"काय झालं ताई?"

मी भडाभडा सगळं सांगितलं. जेली, गुंगी, समिती, तिच्या नवऱ्याचे मित्र. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या पप्पांना बोलता येईना, मला कुठून येणार? पण ताई, मी पण झूलॉजीच केलंय. खुलताबादहून रोज बसनं येऊन बीएस्सी केली. पुस्तकात चित्र होतं, दोन कप्प्यांचं हृदय. काढून काढून पाठ झालं, पण खरं कधी पाहिलं नाय." तिनं दाराबाहेर बघितलं. तिथं कुणीच नव्हतं. "दाखवता का? मला इथं आत्ता कुणी विचारायला येणार नाय."

तिनं शालूचा घोळ उचलला आणि माझ्याआधी बोळात उतरली. तिचं नाव रेणुका.

शेख सरांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. दारात मुंडावळ्या बांधलेली नवरी बघून दुसऱ्या कुणी काहीतरी विचारलं असतं. सर म्हणाले, "बांगड्या."

रेणुकानं चुडा भरलेले दोन्ही हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवले आणि पडद्यापुढच्या स्टुलावर बसली. पडद्यावर हिरवं हृदय होतं, आणि ते अख्खंच्या अख्खं डावी-उजवीकडे उड्या मारत होतं.

"हे काय, सगळंच नाचतंय," ती म्हणाली.

"ते तुमच्या मिस्टरांचे मित्र," सर म्हणाले.

आणि तेवढ्यात गाणं मध्येच तुटलं. पायाखालची फरशी निपचित झाली. पडद्यावर बाकी सगळं थांबलं आणि हृदय तेवढं हलत राहिलं. एक कप्पा मिटत होता, दुसरा उघडत होता, मधून तांबड्या पेशी एकेक करून सरकत होत्या. "लागलं वाटतं लग्न," म्हणत सरांनी कॅमेरा चालू केला. पहिला थर. दुसरा थर. इतकं स्थिर चित्र मी त्या उन्हाळ्यात बघितलंच नव्हतं.

"ताई," थोड्या वेळानं रेणुका कुजबुजली, "लग्न लागत असंल तर मी तिथं पाहिजे ना?"

सरांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. दोघं मिळून आमच्या एवढ्या पदव्या, पण हे आम्हाला सुचलं नव्हतं.

मग बोळातून हाका यायला लागल्या. "रेणू! ए रेणू!" आत्या जागी झाली होती. डीजे का थांबला ते आता आम्हाला कळलं. नवरी परत गेली की तो पुन्हा सुरू होणार, हेही कळलं. सर खाली मान घालून म्हणाले, "बेटा, तू जा. तुझं लग्न आहे." मीही तेच म्हणायला हवं होतं. मी कॅमेरा पुढच्या थरावर नेला.

रेणुका पडद्याकडे बघत होती. "किती राहिलं?"

"अर्धं."

"मग होऊ द्या. सगळे जण दोन तास नवरदेवासाठी थांबले. थोडा वेळ माझ्यासाठी थांबतील."

पुढचं दार वाजलं. सर टोपी सारखी करून बाहेर गेले आणि दार मागं ओढून घेतलं. सरांना खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत होतं, आणि त्याचीच मला धास्ती होती.

"सर, नवरी बघितली का हो कुठं?" रेणुकाच्या वडिलांचा आवाज होता.

"हो. आत आहे. एकदम सुखरूप आहे," सर म्हणाले. "रेकॉर्डिंग चालू आहे. ते होईपर्यंत कुणी पाय वाजवायचा नाही."

बाहेर काय झालं असेल ते मला दिसत नव्हतं. सरांनी नंतर सांगितलं, की तिचे वडील तिथंच पायरीवर बसले, हार मांडीवर घेतला आणि डोळे पुसून म्हणाले, "बसा रं सगळे. आवाज नका करू." सगळं वऱ्हाड आमच्या पोर्चमध्ये उकिडवं बसलं.

एकटा नवरदेव तेवढा आत आला. फेटा, हातात कट्यार, अंगरखा घामानं चिंब. रागारागानं तो आत शिरला तसं पडद्यावरचं हृदय एकदा डचमळलं.

रेणुकानं मान वळवली नाही. "तिथंच उभे राहा," ती म्हणाली. "हलू नका."

तो थांबला. एक पाय आत, एक उंबऱ्यावर. "अगं, काय चाललंय काय हे?"

"शू."

तो चितेगावच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणीत होता, असं नंतर कळलं. त्यामुळे की काय कोण जाणे, पण कुणी मोजमाप करत असेल तर मध्ये बोलू नये हे त्याला चटकन उमगलं. हळूहळू त्याची नजर पडद्यावर गेली आणि तिथंच राहिली. थर संपत होते. आणखी एक. आणखी एक. फेट्याचा तुरासुद्धा हलत नव्हता. माणूस ठरवलं तर किती शांत उभा राहू शकतो, हे मला त्या दुपारी कळलं.

"जिवंत हाय?" त्यानं श्वासाच्या आवाजात विचारलं.

"जिवंत आहे," रेणुका म्हणाली. "इथं भोक होतं. भरून आलंय बघा." तिनं ते भोक कधी बघितलंही नव्हतं, मी सांगितलेलं ऐकलं होतं. पण ती हे इतक्या अभिमानानं म्हणाली, की मी ते भोक तिला देऊन टाकलं.

शेवटचा थर झाला. मी कॅमेरा बंद केला, सरांना आत हाक मारली, पिल्लाला जेलीतून सोडवलं, ताज्या पाण्यात टाकलं. ते तळाशी गेलं, आडवं पडलं, आणि मग शेपटी झटकून सुटलं. मी रडले. सरांसमोर, नवरीसमोर, कट्यारवाल्यासमोर, टोपी घालून मोठ्यानं रडले. रेणुकानं हातावरचा टॉवेल सोडून माझ्या हातात दिला, बांगड्या खळखळल्या, आणि ती आपल्या लग्नाला निघून गेली. त्या दिवशी पुन्हा डीजे लागला नाही. मंगलाष्टकं मात्र भिंतीतून स्पष्ट ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी समितीनं दोन्ही चित्रणं बघितली. एका सदस्यांनी चष्मा वर केला. "पहिल्या चित्रणात बारीक थरथर आहे. दुसरं एकदम स्थिर. नवीन टेबल घेतलं का?"

"नाही सर," मी म्हणाले. "दुसऱ्या वेळी नवरदेव दारात उभा होता."

 शेख सर छताकडे बघत होते. मग त्या सदस्यांनी, शास्त्रीय उत्तर मिळाल्यासारखी, मान डोलवली आणि पुढच्या पानावर गेले. मला एक वर्ष वाढवून मिळालं.

मी व्हरांड्यातून बापूंना फोन लावला. ते शेतात होते, मागं वारा वाजत होता.

"बापू, मिळालं. आणखी वर्ष."

 मग बापू म्हणाले, "लई ब्येस झालं." आणि जरा वेळानं, "आता तुझ्या काकाला काय सांगावं?"

"सांगा, मुलीला एवढ्यात करायचं नाही म्हणून."

"त्ये नाय ऐकायचा त्यो." बापू विचार करत होते. पोरगी ल्हान हाय, असं सांगायची सोय उरली नव्हती, माझं वय सगळ्या भावकीला पाठ होतं. "थांब. सांगतो त्याला, मासा आजून ल्हान हाय म्हणून."

आणि नवल असं, की काकांना ते पटलं. शेतकरी माणूस, लहान जीव अर्ध्यात सोडून कसं जायचं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ज्येष्ठातलं कार्यालय त्यांनी स्वतः जाऊन सोडलं. पुढचं वर्षभर मी गावी गेले की ओट्यावर जागा करून देत ते मला विचारायचे, "किती मोठा झाला गं?"

मी म्हणायचे, "अजून लहानच आहे, काका."